अजून अर्धी घे

"सगळी बरी हायत! सगळी बरी हायत!"

अशी आरोळी मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत ऐकू आली की समजायचं, कुणाचा तरी फोन आलाय. चौगुले आण्णा गिरणीच्या पायरीवर उभे असायचे. भुवयांपासून पायाच्या नखापर्यंत पीठ, दोन्ही हात वर, आणि गळ्याच्या शिरा ताणलेल्या. कोण बरं आहे, कुठलं बरं आहे, हे सगळं मागाहून. आधी बरे आहेत एवढं ऐकून घ्यायचं. गल्लीत नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, कुठं तरी मोठा अपघात झालाय आणि त्यातनं ह्यांची माणसं वाचलीत.

नव्वदच्या दशकात आमच्या गल्लीत फोन पहिला आला तो आण्णांकडं. पुढं गिरणी, मागं घर, आणि मधल्या खोलीत स्टुलावर क्रोशाच्या रुमालाखाली तो काळा फोन. सगळ्या गल्लीनं पै-पावण्यांना तोच नंबर देऊन ठेवलेला. आण्णांनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही. जन्मभर गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून बोललेला माणूस, त्यामुळं निरोप सांगायला त्यांना कुणाच्या दारात जावंसुद्धा लागायचं नाही. पायरीवरनं ओरडलं की शेवटच्या घरापर्यंत पोचायचं.

पण नंतर नंतर त्यांना ओरडणंही पुरेना. माणूस हाताला धरून आणल्याशिवाय जीव थाऱ्यावर यायचा नाही. एकदा आमचे हे दाढी करत बसलेले. अर्धी झालेली, अर्ध्या गालावर फेस. आण्णा थेट आत.

"साहेब, चला. सगळी बरी हायत. पुण्यास्नं भाऊ बोलतोय."

"आलोच आण्णा, तोंड धुतो."

"तोंड काय पळून चाललंय व्हय? चला म्हणतो की!"

हे तसेच फेसासकट गल्लीतनं गेले. पोरं हसली, बाया हसल्या. आणि भावाचं काम काय, तर येताना गुळाची ढेप घेऊन या! मी त्या दिवशी आण्णांना चांगलीच बोलले. म्हटलं, गूळ काय दाढी होईस्तोवर विरघळणार होता का? आण्णा ऐकून घेत होते आणि हात जोडत होते. "चुकलं बाई. पण जाऊ दे. बोलणं झालं न्हवं वेळंत? मग झालं." तेच वाक्य, नेहमीचं. वेळंत. ह्या माणसावर रागवायचीसुद्धा सोय नव्हती.

गिरणीचं तर विचारूच नका. गिरणी चालू असली की फोन ऐकू येत नाही, म्हणून आण्णा मधेच बटण बंद करायचे आणि कान टवकारायचे. "वाजला काय?" "न्हाई वं आण्णा." "वाजल्यागत झालं." धान्य आत अर्धवट भरडलेलं, त्यात गिरणी पुन्हा चालू होताना घुर्रर करून अडायची, पट्टा घसरायचा, मग सगळं उपसून काढा. माझ्या गव्हाच्या पिठात शेजारणीची ज्वारी किती वेळा आली असेल देव जाणे. शाळेतनं दमून यायचं, डबा घेऊन रांगेत उभं राहायचं आणि ह्यांनी दर पाच मिनिटांनी गिरणी बंद करून भिंतीकडं बघत बसायचं. डोकं फिरायचं. गिऱ्हाईक हळूहळू पलीकडच्या गिरणीकडं सरकलं. मी सरकले नाही. का, ते आता सांगते.

आधीचे आण्णा असे नव्हते. ते आम्ही लग्न होऊन इथं आलो तेव्हाचे. त्या घराचा दरारा होता, पण जेवणाचा. चौगुले जैन, दिवस मावळायच्या आत जेवायचं हा त्यांचा नेम. त्यामुळं उन्हं कलली की आतनं आक्कांच्या भाकरी थापण्याचा आवाज सुरू व्हायचा, आणि त्या वेळेला जो गिरणीत सापडेल तो जेवल्याशिवाय सुटायचा नाही. आण्णा पिठाचा डबा मागं सरकवून ठेवायचे. "डबा जेवल्यावर मिळंल." मीटर बघायला आलेला माणूस तिथं जेवला, पट्टा दुरुस्त करायला आलेला जेवला, चुकून भलत्याच चौगुल्यांचं घर विचारायला आलेला पावणासुद्धा जेवला. आणि भाकरी संपत आली की आण्णांचं एक ठरलेलं वाक्य असायचं, "अजून अर्धी घे." नको म्हणायची प्राज्ञा नव्हती. मला दिवस गेलेले तेव्हा घरचं अन्न नकोसं झालेलं. त्या तीन महिन्यांत मी जगले ती आक्कांच्या भाकरीवर आणि आण्णांच्या त्या अर्धीवर. म्हणून मी पुढं पिठात ज्वारी आली तरी गिरणी बदलली नाही.

आण्णा बदलले ते मंगलच्या बाबतीत जे झालं त्यानं.

मंगल आण्णांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायची. नवरा फौंड्रीत, माहेर गारगोटीच्या पलीकडं. आई लहानपणीच गेलेली, बापानं एकट्यानं वाढवलेली पोर. बोलायला फटकळ, हसायला मोकळी, आणि आमच्याकडं बायासुद्धा ‘आलो, गेलो’ म्हणतात तशी ठसक्यात बोलणारी. आण्णांची सुरेखा तेव्हा शाळेत होती. दोन लेकी असल्यागत आण्णा दोघींना हाका मारायचे.

एके दिवशी दुपारी फोन आला. मंगलचा चुलतभाऊ, गावातल्या दुकानातनं. "मंगलला घेऊन या. दाजींलाबी आणा. लगेच." आण्णांनी विचारलं, "काय झालं?" तिकडनं, "या तुम्ही घेऊन," आणि फोन ठेवला.

आता सांगा, आपल्याकडं ह्याचा अर्थ काय होतो? गेलेल्या माणसाची बातमी फोनवर कुणी देत नाही. नुसतं ‘या’ म्हणतात. ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं आणि पुढचं निभवायचं. आणि निभवायचं कसं, तेही ठरलेलं. लेकीला खरं सांगायचं नाही. बाबांना जरा बरं नाही म्हणायचं, आणि घराबाहेर पाय टाकायच्या आधी तिच्या पोटात चार घास घालायचे. कारण एकदा तिथं पोचली, की चूल पेटणार नाही, पाण्याचा घोट उतरणार नाही. शहाणी माणसं असंच करत आलीत. आण्णांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. गल्लीतल्या कुणीही केलं असतं.

आण्णांनी नवऱ्याला बोलवायला माणूस धाडला, जीप सांगितली आणि आक्कांना म्हणाले, भाकरी टाक. मंगलला म्हणाले, "बाबांना जरा बरं न्हाई. निघायचंय. आधी जेव."

"मी यष्टीनं पुढं होतो आण्णा. हे येतील मागनं."

"एकटी कशी जातीस? गप जेव."

ती बसली. मी तिथंच होते, आक्कांनी हाक मारली म्हणून आलेले. मंगलचा घास फिरत होता तोंडातल्या तोंडात. एक भाकरी कशीबशी संपली. ती उठायला लागली तसे आण्णा डोळ्यातलं पाणी लपवत म्हणाले, "अजून अर्धी घे." तिनं घेतली. आण्णांचं मन मोडायचं नाही म्हणून घेतली.

नवरा यायला वेळ लागला, जीप निघायला वेळ लागला. मेलेल्या माणसाला कसली घाई, असंच सगळ्यांच्या मनात. आणि तिथं बाप जिवंत होता. चुलतभावाच्या तोंडातनं पुढं शब्द फुटत नव्हता म्हणून त्यानं फोन ठेवला होता, एवढंच. म्हातारा उंबऱ्याकडं डोळे लावून पडलेला, मंगल आली का, मंगल आली का करत. जीप गावात शिरली तेव्हा नुकताच गेला होता. अंग गरम होतं.

आण्णा बरोबर गेले होते. ते परत आल्यावर आक्कांना सांगत होते ते मी ऐकलं. मंगल रडली, ओरडली, तसं कुणीही ओरडतं. आण्णांना ती काही टाकून बोलली नाही. फक्त संध्याकाळी, सगळं उरकल्यावर, भिंतीला टेकून त्यांच्याकडं बघत म्हणाली, "मी जेवत बसलो की वं, आण्णा."

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिवी माणूस विसरतो, नाहीतर उलटून तरी देतो. हे वाक्य आण्णा घरी घेऊन आले.

त्या दिवसापासनं आण्णांच्या तोंडचं ‘जेवून जावा’ गेलं. आधी आमच्या लक्षात आलं नाही. मग आलं, तेव्हा चमत्कारिक वाटलं. भाकऱ्यांचा वास सुटलाय, दारात माणूस उभा आहे, आणि आण्णा म्हणतायत, "निघा, निघा, उशीर नको." कुणी सहज टेकलं तरी ह्यांची चुळबुळ. "घरी कुणी वाट बघत नसंल न्हवं?" आक्का बिचाऱ्या आतनं ताट घेऊन याव्यात तर माणूस निघून गेलेला असायचा. आणि ताटावर असताना फोन वाजला तर आण्णा हातातला घास टाकून पळायचे. आक्का म्हणायच्या, "अन्नाचा अपमान करतोय ह्यो माणूस. मला मेलीला जेवायला वाढायचंच भ्या वाटतंय."

मंगलनंही त्या घरात पुन्हा पाण्याव्यतिरिक्त काही तोंडाला लावलं नाही. पुढं तिनं दोन गल्ल्या सोडून घर घेतलं, पण दळण आण्णांकडंच. यायची, बोलायची. हळदीकुंकवाला आली तर प्रसाद पदरात बांधून न्यायची. मला एकदा म्हणाली, "राग न्हाई वं बाई. पण तिथं ताट बघितलं की ती दुपार डोळ्यापुढं येतीया. मी काय करू?"

म्हणजे एकीला ताटाची भीती, एकाला फोनची, आणि मधे आम्ही! गल्लीनं उपाय कमी केले नाहीत. कुणी म्हणालं फोन काढून टाका. काढला, तर आण्णा दिवसभर टपालवाल्याची वाट बघत पायरीवर. पुन्हा बसवला. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या, त्या घेतल्या तर फोन ऐकू येणार नाही म्हणून घेतल्या नाहीत. मी शिक्षकी हिसका दाखवून समजावलं, "आण्णा, तुमची चूक नव्हती. सगळ्यांनी तेच केलं असतं." तर म्हणाले, "सगळ्यांनी केलं असतं. पर केलं मी." त्यात एकदा त्यांच्या त्या घाईपायी तालमीपाशी राहणारा एकजण आईच्या शेवटच्या घटकेला खरोखर पोचला. त्यानं येऊन आण्णांचे पाय धरले. झालं! मग तर आण्णा कुणाचं ऐकायलाच तयार नाहीत. मला वाटलं, पाय धरणाऱ्या त्या माणसाच्याच तोंडात मारावी.

मोबाईल आले तेव्हा गल्लीचा त्रास सुटला, कारण प्रत्येकाचा फोन प्रत्येकाच्या खिशात गेला. आण्णांचा तो काळा फोन मात्र तसाच, आणि त्यांचे कानही. तोवर सुरेखाचं लग्न होऊन ती कबनूरला गेली होती. चांगलं खातंपितं घर, मागं चार यंत्रमाग. विहीणबाई मात्र कडक. माणसं मानपानाची.

लग्नानंतर पहिल्यांदा ती मंडळी आण्णांकडं आली तेव्हा आक्कांनी सकाळपासनं राबून पुरणपोळ्या केल्या होत्या. दिवस मावळायला तासभर होता. पाट मांडले, ताटं वाढायला घेतली, आणि फोन वाजला. कबनूरचा शेजारी. "काका-काकू हायत काय तिथं? लवकर या म्हणावं." एवढंच बोलून ठेवला त्यानं. आण्णांचा चेहरा पिठाहून पांढरा. "उठा! उठा! सगळी बरी हायत, पर उठा!" विहीणबाई म्हणाल्या, "आवं, दोन घास खाऊन निघतो की." "न्हाई! जेवायचं न्हाई! निघा!" अक्षरशः हाताला धरून पाटावरनं उठवलं. ती मंडळी घाबरून घरी पोचली तर तिथं कापडाचा व्यापारी सौद्यासाठी येऊन बसलेला. आणि दिवस मावळलेला. नेमाची माणसं, मग पाणीसुद्धा नाही. व्याह्याच्या घरी पुरणपोळी समोर असताना अख्खं घर रात्रभर उपाशी झोपलं.

सुरेखाला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा विहीणबाईंनी ते बाहेर काढलं. "ज्या घरात जेवा म्हणत न्हाईत, त्या घरात माझी सून बाळंतपणाला धाडणार न्हाई. हितंच करू आम्ही."

पहिलं बाळंतपण, एकुलती एक लेक, आणि माहेरी नाही! आक्का गिरणीच्या दारात बसून रडल्या. आण्णा आत फोनशेजारी, मान खाली. मी तिथं, आणि दळणाचा डबा घेऊन आलेली मंगलही तिथं. तिनं सगळं ऐकलं. डबा खाली आपटला.

"म्हंजे हे अजून माझंच चाललंय व्हय?"

"तुझं न्हाई गं बाई," आक्का म्हणाल्या.

"माझंच की! बाप माझा मेला, जेवलो मी, आणि भोग त्या पोरीनं भोगायचा? किती वरसं ह्यो माणूस तेच उगाळत बसणार हाय?"

दुसऱ्या दिवशी ती आक्कांना घेऊन कबनूरला गेली. विहीणबाईंना पहिल्यापासनं सगळं सांगितलं, स्वतःच्या तोंडानं. विहीणबाई कडक असल्या तरी बाईच. ऐकून घेतलं. पण म्हणाल्या, "कारण समजलं. तरी मी एकदा येणार. त्यांनी त्यांच्या तोंडानं जेवा म्हणायला पायजे. मग सुरेखाला ठेवून जातो. न्हाईतर आल्या पावली परत."

आल्या ठरलेल्या दिवशी. सुरेखाला आधार देऊन जीपमधनं उतरवलं, तिची कपड्यांची बॅग मात्र जीपमध्येच राहू दिली. ती बॅग बघून आक्का लगबगीनं आत ताटं काढायला गेल्या. मी पाट मांडत होते. मंगल दारात उभी. समोरच्या भिंतीवरचं ऊन वर वर चढत होतं.

आण्णा फोनशेजारच्या खुर्चीत. धुतलेला सदरा, पीठ नसलेले, त्यामुळं ओळखू न येणारे. विचारपूस झाली, पाणी झालं. सगळे वाट बघत होतो. आण्णांनी घसा खाकरला. "विहीणबाई... रस्त्यानं गर्दी आसंल आता."

मला वाटलं, उठून ह्या माणसाला गदागदा हलवावं. म्हणा की एकदाचं! दोन शब्द! आख्ख्या कोल्हापूरला जेवायला घालणारा माणूस, त्याला दोन शब्द जड व्हावेत? सुरेखा वडलांकडं बघत होती. आण्णा फोनवरचा रुमाल सरळ करत बसले. विहीणबाईंनी भिंतीवरच्या उन्हाकडं बघितलं, पदर सावरला आणि गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागल्या.

आणि फोन वाजला.

आण्णा ताडकन उभे राहिले. तेवढ्यात मंगल दारातनं आत आली, चपला काढल्या आणि सरळ मांडलेल्या पाटावर मांडी घालून बसली.

"आक्का, मला वाढा. भूक लागलीया."

आक्कांनी भाकरी वाढली, आमटी वाढली. मंगलनं घास मोडला. डोळ्यात पाणी आलेलं, तरी तिनं घास तोंडात घातला, चावला, गिळला. फोन वाजतच होता. आण्णांचा हात रिसीव्हरवर.

"कुणाचा तरी निरोप आसंल गं," ते कळवळून म्हणाले.

"असू दे. परत करंल. मी जेवतोय न्हवं?"

तिनं दुसरा घास घेतला. आण्णा तिच्याकडं बघत उभे. मग हळूहळू, खुर्चीचा हात धरून, खाली बसले. फोन वाजून वाजून थांबला. कुणाचा होता कुणास ठाऊक.

"विहीणबाई," आण्णा म्हणाले. आवाज फाटलेला होता, पण गिरणीवरचा, जुना. "बसा खाली. जेवल्याबिगार जायाचं न्हाई. ती बॅग आत आणा कुणीतरी."

विहीणबाई बसल्या. बॅग आणायला मीच गेले. त्यानंतर महिन्याभरातच आम्ही कळंब्याला राहायला गेलो, आण्णांना तसं नीट बघणं पुन्हा झालं नाही. त्या दिवशी बॅग घेऊन आत आले तेव्हा पंगत बसली होती. आण्णा अजून घामाघूम, एक हात फोनवर तसाच, पण नजर मंगलच्या ताटावर. तिची भाकरी संपत आलेली. ती उठायला लागली.

"अगं," आण्णांनी आक्कांना हाक मारली, "मंगलला अजून अर्धी वाढ."